नाव नसलेला 'त्यो'

बिरूदादा रोज दुपारी भाकरी मोडता मोडता माणसं मारायचा. सांगलीत हळदीच्या गोदामाच्या वर आमचं व्हिडिओ गेम बनवायचं ऑफिस. तो खलनायक रचायचा, मी त्यांची चित्रं काढायचे. "आक्का, कुऱ्हाड मानंवर तिरकी बसली की रगत आदी छातीवर येतंय," असं शांतपणे सांगून तो माझ्या डब्यातला ठेचा उचलायचा. माझा घास घशातच अडकायचा. मेल्याला दुसरा विषयच नव्हता!

आता तो नोकरी सोडून जतला गेलाय आणि ऑफिसात मला जेवण जात नाही. 'सात विहिरींचं राज्य' या आमच्या गेमचं सगळं जग त्याच्या डोक्यातून आलं होतं. जतच्या दुष्काळी माळावर मेंढरांमागे वाढलेला माणूस. मी किल्ले, मनोरे रंगवून नेले की तो नकाशावर बोट ठेवायचा. "हितं पानी कुठनं येतंय? आदी पानी दाव, मग राजा बसव." दुसऱ्या भागात त्यानं महाबळेश्वरसारखा धो धो पावसाचा मुलूख उभा केला आणि तिथल्या पाण्यापायी गावंच्या गावं कापून काढली. पोरांनी गेम डोक्यावर घेतला.

दोन्ही भागांत एकच खलनायक शेवटी निसटायचा. त्याला नाव नव्हतं. गेममधली माणसं त्याला नुसतं 'त्यो' म्हणायची. मी त्याला सुळे आणि लाल डोळे दिले, तर बिरूदादा वैतागला. "राकुस कशाला काढतीस? वळखू आला तर त्येला घरात कोन घेईल? मानूस काढ. कान माझ्यागत काढ." मी हसले आणि तसेच काढले.

तिसऱ्या भागात 'त्यो' मरायचा होता. शेवटची लढाई तयार झाली, पण बिरूदादा ती पुढे जाऊ देईना. साहेब चिडले. मी खनपटीलाच बसले, तेव्हा तो बोलला. "माझ्या बापाला विहिरीवर तोडला, आक्का. पान्याच्या पाळीवरनं. गाव बघत हुतं. कोर्टात एकानंबी नाव घेतलं न्हाई. आयबी त्येला 'त्यो'च म्हनती. ही लढाई आदी आय बघंल. तिनं वळखला, तरच मारायचा."

त्याची आई भीतीनं नाव घेत नसेल, असं मला वाटलं.

आम्ही जतला गेलो. बिरूदादानं आईसमोर लॅपटॉप ठेवला. पडद्यावर 'त्यो' विहिरीच्या काठावर पाणी पीत पाठमोरा उभा होता. तो वळला. म्हातारीनं चटकन डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला आणि मान खाली घातली.

 असा पदर बाई थोरल्या दिरासमोर ओढते. त्याचं नावही ती जन्मभर घेत नाही. मी काढलेले ते कान बिरूदादाच्या चुलत्याचे होते.

"ह्योच न्हवं?" बिरूदादानं विचारलं.

"ह्योच. मार की मग."

त्यानं बटणावर बोट ठेवलं आणि परत उचललं. इतकी माणसं मारलेला आमचा बिरूदादा ढसाढसा रडायला लागला. "न्हाई हुत गं, आय."

म्हातारीनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "कुठलं बटन?"

मी दाखवलं. तिनं दाबलं. कुऱ्हाड मानेवर तिरकी बसली, रक्त आधी छातीवर आलं. 'त्यो' विहिरीच्या काठावर कोसळला, तरी ती दाबतच राहिली.

मग ती थांबली. डोक्यावरचा पदर तिनं खांद्यावर घेतला आणि पडद्याकडे सरळ बघत मोठ्यानं म्हणाली, "म्हाळाप्पा मेला."