मामंजींचं विलायती मशीन

विजेवर चालणारं ड्रिल मशीन चिंच आणि राखेनं घासून पाण्याच्या घंगाळात बुचकळून काढणारी आष्ट्यातली पहिली आणि बहुधा शेवटची सून मीच. वर मी अकरावी पास. वीज आणि पाणी यांचं वैर पाठ करून शास्त्रात पैकीच्या पैकी गुण मिळवलेली. पण ते पुस्तक खंडाळ्याला माहेरी राहिलं, आणि अक्कलही त्यातच खूण म्हणून ठेवून आले असणार.

मशीन माझ्या सासऱ्यांचं. मामंजी फौजेच्या वर्कशॉपमधून हवालदार म्हणून पेन्शनीवर आले, ते लष्कराच्या मोडीतून हे भोकं पाडायचं विलायती मशीन घेऊनच. करड्या रंगाचं, वर्षाच्या पोराएवढं जड. मेणकापडात गुंडाळून काळ्या ट्रंकेत ठेवलेलं. रोज सकाळी दाढी झाली की मामंजी ट्रंकेवर काठीनं तीनदा टकटक करायचे, आत कुणी झोपलं असावं तसं. गावात वीज आली, आमच्या विहिरीवर मोटार बसून चार वर्षं झाली, पण मशीन काही बाहेर आलं नाही. "हत्यार वापरलं की झिजतंय, इकलं की जातंय. ठेवलं की ऱ्हातंय," हे त्यांचं रोजचं वचन.

मला त्यांच्या लेखी नाव नव्हतं. मी म्हणजे 'खंडाळा'. "खंडाळा, च्या थंड हाय." "खंडाळा, ही भाकरी हाय का टांग्याचं चाक?" मी पदराआडून जीभ काढून दाखवायची. पदर किती पातळ होता हे मला फार उशिरा कळलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचे 'हे' शेती सांभाळणारे, पण हात सुताराचे. मशीन विकून त्या पैशात सांगलीत खाटा-कपाटांचं दुकान टाकायचं त्यांच्या डोक्यात. मामंजींना ते नामंजूर. रोज ताटावर लढाई.

"आबा, वापरा न्हाईतर इका. ट्रंकंत बसून ते काय अंडी घालतंय व्हय?"

"माझ्या मढ्यावर इका."

"तवर गंजून जाईल की!"

"कोण? मी का मशीन?"

मी अर्थात ह्यांच्या बाजूची. सांगलीत खोली, नळाचं पाणी आणि सासऱ्याविना चहा. ट्रंकेकडं पाहिलं की मला एवढंच दिसायचं.

शेवटी सांगलीचं एक गिऱ्हाईक दसऱ्याला यायचं ठरलं. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ह्यांनी भांडून ट्रंक उघडायला लावली. मामंजींनी मशीन काढलं, पूजेसाठी ठेवलेल्या विळ्या-कोयत्यांशेजारी आदळलं आणि "घाला चुलीत!" म्हणून मारुतीच्या पारावर जाऊन बसले. आतून सासूबाई म्हणाल्या, "हत्यारं धुऊन पुजंला मांड गं."

सासूनं सांगितलं, सुनेनं केलं. विळे धुतले, कोयता धुतला, पहार धुतली आणि मशीनही धुतलं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरावं म्हणून ते दोनदा. मग हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. मी लांबून पाहिलं आणि स्वतःवरच खूष झाले.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकानं मशीन उचलून तिरकं केलं, तर फटींतून पाण्याची धार त्याच्या पांढऱ्या धोतरावर. पाठोपाठ झेंडूची एक पाकळी.

"हवालदार, ह्ये मशीन हाय का झारी?"

मामंजी ताडकन उठले. "अकरावी शिकली म्हणं! आरं, म्हस शिकवली असती तर तिनं निदान हुंगून तरी सोडून दिलं असतं!" हे त्यांनी चार माणसांत म्हटलं, दिवेलागणीपर्यंत पुन्हा पुन्हा म्हटलं. ह्यांनी आठ दिवस माझ्याशी अबोला धरला. माझी सांगली घंगाळात बुडाली. एक गोष्ट मात्र मला तेव्हाच खटकायला हवी होती. ज्यांचा जीव की प्राण मी बुडवला, ते मामंजी त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवले.

नवव्या दिवशी ते परसात धोतर अंथरून, मशीन खोलून उन्हात वाळवत होते. मी चहा घेऊन गेले. आतली तारेची गुंडाळी कोळशासारखी काळी. शास्त्र मी विसरले होते, चूल नव्हते विसरले. भिजलेलं कुठलं आणि करपलेलं कुठलं, हे भाकरी थापणाऱ्या बाईला शिकवावं लागत नाही.

"मामंजी, पाण्यानं तार जळती व्हय?"

त्यांनी आधी मागं पाहिलं, मग माझ्याकडं. "मोटार बसली त्या दिशी इहिरीवर लावलं हुतं. कमी दाबाच्या इजेवर चालणारं मशीन. येका दमात धूर! वर्कशापचा हवालदार मी. गावाला काय सांगू?"

म्हणजे चार वर्षं हा माणूस ट्रंकेतल्या मढ्याला पहारा देत होता! आणि खापर माझ्या डोक्यावर. राग असा आला की चहा त्यांच्या मिशीवर ओतावा. पण कपबशी खाली ठेवून मी म्हटलं, "ह्यांना सांगू का?"

"सांगून बघ. तंगडं मोडीन."

"मग आम्हाला सांगलीला जाऊ द्या. आणि बांधावरच्या दोन बाभळी ह्यांना तोडू द्या, पहिल्या खाटांपुरत्या."

मामंजींना जाऊन आता तीस वर्षं झाली, म्हणून हे लिहितेय. त्या सकाळी त्यांनी चहा बशीत ओतला, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, मिशी पुसली आणि म्हणाले, "येकच बाभळ. आन् ध्यानात ठेव खंडाळा, मशीन तूच बुडवलंस, मी मरंस्तवर."