बारा वाजता ब्रेक

"राजे गेले, त्यांच्या राण्या गेल्या, बाराचं जेवण तेवढं टिकलंय," असं सोलांज एकदा एका निवृत्त न्यायाधीशाला ऐकवून बसली होती. तो बिचारा फक्त जिन्याला पायऱ्या किती, एवढंच विचारत होता.

फ्रान्समधल्या लुआर नदीकाठच्या गावांत सव्वीस वर्षं तिने सायकलवरून टपाल वाटलं. कुठलं कुत्रं चावतं, कुठल्या घरी किती वाजता ताटं मांडतात, हे तिच्या पायांना पाठ होतं. टपाल सुटलं, तेव्हा तेच पाय तिने पर्यटकांपुढे जुंपले. अकरा उन्हाळे ती त्यांना सायकलवरून महालांमागून महाल हिंडवत होती.

इतिहास ती शेजाऱ्यांच्या चहाड्यांसारखा सांगायची. राजा दोन-दोन महिन्यांनी महाल का बदलायचा? कारण तोवर तिथे नाक धरल्याशिवाय राहवत नसे. भिंतीतलं चोरदार कशाला? राणीला चुकवायला. लोक हसत, वहीत लिहून घेत. मग बारा वाजत आले की सोलांज असेल तिथे ब्रेक दाबायची आणि गवतावर चादर अंथरायची. दीडपर्यंत राजघराणी रद्द.

त्या वर्षी सहलींच्या कंपनीत ल्युदोविक नावाचा नवा व्यवस्थापक आला. उत्तरेकडच्या शहरातला, बत्तीस वर्षांचा. त्याने दिवसाच्या तीन महालांत चौथा कोंबला. तो बरोबर जेवणाच्या वेळेवर येऊन बसला. जेवण म्हणजे यापुढे सायकलवर बसूनच खायचं सँडविच. हे मान्य असेल तर पुढचा हंगाम तुमचा, असं त्याने सोलांजला सांगितलं. मान्य नसेल तर काय, ते तो नुसता हसून सांगत असे.

बासष्टाव्या वर्षी तिला दुसरं कोण ठेवणार होतं? हिवाळ्याची ती आधीच धास्ती घ्यायची. खिडकीत राखाडी नदी, आणि आपण तिच्याकडे बघतोय याचं नदीला काहीच नाही.

जूनमध्ये एका मंगळवारी ल्युदोविक स्वतःच तिच्या गटाबरोबर निघाला. आठ कॅनेडियन, सगळे माजी शिक्षक. बाराला दहा कमी असताना पॉप्लरच्या झाडांच्या सावलीत सोलांजने ब्रेक दाबला.

"मादाम, व्हेर्नेलचा महाल दहा मिनिटांवर आहे," ल्युदोविक म्हणाला.

"आहे ना. आणि तिकीट खिडकीत पुल्लेंबाई आहे."

त्याला यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. त्याच्या संगणकात व्हेर्नेल दहा ते सहा उघडा होता. तो आठही जणांना घेऊन पुढे गेला. पुल्लेंबाईने सव्वीस वर्षांत बारानंतर साधं रजिस्टर पत्रसुद्धा घेतलं नव्हतं, हे सोलांजने त्याला सांगितलं नाही. तिने चादर अंथरली.

पाऊण तासाने ते उन्हात भाजून परतले. बाई काचेमागे सॅलड खात बसली होती म्हणे. ल्युदोविकने काच वाजवली तेव्हा तिने काट्याने भिंतीवरचं घड्याळ दाखवलं आणि पुन्हा ताटात मान घातली. पर्यटक मुकाट चादरीवर बसले. ल्युदोविक उभाच राहिला. सोलांजने राखेत लोळवलेल्या शेळीच्या चीजचा एक जाड तुकडा कापून त्याच्यापुढे धरला.

"बस, पोरा. चीज मोडू नये म्हणून मधे गवताची काडी घालतात, ती तेवढी खायची नसते."

त्याने तीन तुकडे खाल्ले. वर वाईनही घेतली.

तरी दुसऱ्या दिवशी साडेअकराला त्याने तिला ऑफिसात बोलावलं. व्हेर्नेलची वेळ चुकली, हे त्याने मान्य केलं. कॅनेडियन लोकांनी तर तिचं तोंड भरून कौतुक लिहून ठेवलं होतं, चादरीसकट. पण नियम तो नियम. चार महाल, सँडविच सायकलवर. या कागदाखाली सही केली की पुढचा हंगाम पक्का; नाहीतर आजपासून सायकल जमा करायची. तो तत्त्व समजावत राहिला. तिने पेन उचललं. डोळ्यांपुढे नदी आली, नोव्हेंबरमधली, कुणाचीही नसलेली. पेन कागदाला टेकलं.

तेवढ्यात चर्चची घंटा सुरू झाली. खालच्या खाणावळीतून लोण्यात परतलेल्या कांद्याचा वास वर आला आणि ल्युदोविकच्या पोटातून, त्याच्या तत्त्वांना न जुमानता, मोठ्याने गुरगुर आली.

सोलांजने बारा टोले होऊ दिले. मग पेनाला टोपण लावलं, ते सहीच्या कोऱ्या जागेवर आडवं ठेवलं, सायकलची किल्ली पेनाशेजारी ठेवली आणि ती बाहेर पडली.