मागची खोली

आमच्या भागातले मिस्त्री कशालाच नाही म्हणत नाहीत. काहीही सांगा, कानामागची पेन्सिल काढायची, भिंतीवर थोपटायचं आणि म्हणायचं, "होऊन जाते ना भाऊ."

नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरामागे नाला आहे. दर पावसाळ्यात तो हातभर काठ खातो. तरी आईसाठी मागे एक खोली काढायची मी ठरवलं. मिस्त्रींनी काठावर टाच दाबली. मातीचं ढेकूळ सुटलं. ते पाण्यात पडेपर्यंत त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "होऊन जाते ना भाऊ."

खोली सुरेख झाली. पूजेच्या दिवशी त्यांना नातीसह जेवायला बोलावलं. पानं नव्या खोलीतच मांडली होती. नात बसली तशी मिस्त्रींनी एका हाताने तिला, दुसऱ्याने तिचं ताट उचललं आणि थेट पुढच्या ओसरीवर नेऊन बसवलं.

"काहून, मिस्त्री?"

"इकडे हवा येते," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. मागे खिडकी उघडी होती, पंखाही गरगरत होता.

पाहुणे गेल्यावर मी आईचा पलंग पुढच्या खोलीत आणला.

"काहून गा?" आईने विचारलं.

"इकडे हवा येते," मी म्हणालो.