अक्कांना न कळलेलं वाक्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि जिच्यापाशी सगळं ओकते त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

मी मूळची नागपूरची. बंगळूरला एका विद्यापीठात समाजशास्त्र शिकवते. आमच्या विभागाचा एक लाडका शब्द आहे — सहभागी संशोधन. म्हणजे लोकांवर नाही, लोकांबरोबर संशोधन करायचं. प्रश्न त्यांनी ठरवायचे, उत्तरं मिळून शोधायची, निष्कर्ष दोघांचे. मी हे वर्गात इतक्या तळमळीने शिकवते की पोरं भारावून जातात. मीही भारावते. स्वतःचंच बोलणं ऐकून भारावणाऱ्या माणसांपासून जरा लांबच राहावं.

बंगळुरातच, हेब्बाळच्या पुढे एक तळं आहे. नाव सांगत नाही. त्याच्या काठावर फिरायला रस्ता आणि गाड्या लावायला जागा करायचं चाललं होतं. काठाच्या एका कोपऱ्यात, करंजाच्या झाडांखाली, शेजारच्या वस्तीतली तान्ही मुलं पुरलेली होती — पिढ्यान्‌पिढ्यांची. मोठ्यांना अग्नी देतात, तान्ह्यांना मातीत ठेवतात. वर दगड नाही, नाव नाही. ज्या आईचं मूल तिथे आहे तिला जागा ठाऊक असते, आणि सणावाराला ती तिथे वाटीभर दूध ओतून येते. सरकारी नकाशात तो कोपरा म्हणजे नुसती पडीक जमीन. तो वाचवायला वस्तीतल्या बायकांनी आम्हाला बोलावलं होतं.

त्या बायकांच्या पुढे असायच्या गिरिजाअक्का. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथलंच. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "आमचं मराठी स्वल्प वेगळं हाय मॅडम, हसू नका." मी हसले. त्याही हसल्या. वर्षभर आम्ही घरोघर फिरून आयांशी बोललो, म्हाताऱ्यांना घेऊन तो काठ पायाखाली घातला, आणि त्या वर्षात मी अक्कांच्या घरचीच झाले. मला बिनसाखरेची कॉफी लागते हे त्यांच्या सुनेलाही पाठ झालं होतं.

अक्कांची मुलगी तिथे होती. दात यायच्या आधीच गेलेली. हे त्यांनी मला भाजी निवडता निवडता सांगितलं, मान वर न करता. घरात तिचा विषय कुणी काढत नसे. नवऱ्यापाशीसुद्धा त्या कधी बोलल्या नव्हत्या.

मग अधिकाऱ्यांसमोर बैठक ठरली, आणि मी अक्कांच्या मागे लागले — मुलीबद्दल तुम्हीच बोला. का? तर आईने सांगितलं की वजन पडतं. वजन! असा शब्द मी वापरला. त्या नको नको म्हणत होत्या, मी पिच्छा सोडला नाही. शेवटी तयार होत म्हणाल्या, "सरी. पण तुमी बाजूला बसाल? युनिव्हर्सिटी आमच्या संगती हाय म्हणून सांगाल?" मी त्यांचा हात हातात घेऊन हो म्हणाले.

अक्का बोलल्या. कन्नडमध्ये, अडखळत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत. चारचौघांत मुलीचं नाव घेतलं. तिला नाव होतं हे मलाही तेव्हाच कळलं.

मग साहेब माझ्याकडे वळले आणि त्यांनी इंग्रजीत विचारलं — हा विद्यापीठाचा निष्कर्ष समजायचा का?

हो म्हणायचं होतं. एवढंच. आधार होता, वर्षभराचं काम होतं. पण — या साहेबांच्याच कार्यालयाकडे आमचा पुढचा मोठा प्रकल्प मंजुरीला होता, आणि त्याची प्रमुख मी होणार होते. विभागप्रमुख सकाळीच फोनवर "जरा सांभाळून" म्हणाले होते. मी गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं आणि सफाईदार इंग्रजीत म्हणाले की ही लोकांची स्वतःची भावना आहे, तिचा आम्हाला आदर आहे, पण विद्यापीठाने तिची पडताळणी केलेली नाही.

किती सोयीचं! लोकांचा आवाज लोकांचाच राहू द्यावा, आपण त्यांच्या वतीने बोलू नये — हे तर आमच्याच विषयाचं तत्त्व. मी वर्गात शिकवते ते. त्याच्याच आड जाऊन लपले. साहेबांनी आभार मानले आणि पुढचा विषय घेतला.

तुम्हाला वाटेल, कबुली संपली. नाही. खरी पुढेच आहे.

अक्कांना इंग्रजी येत नाही. बरोबर आलेल्या बायकांनाही येत नव्हतं. बाहेर पडल्यावर अक्कांनी माझे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले. वेणीतला गजरा तोडून अर्धा माझ्या केसांत माळला. "काय बोलला मॅडम तुमी! साहेब गप्पच बसले." आणि मी? मी मान वाकवून तो माळून घेतला.

उन्हाळ्यात तो कोपरा सपाट झाला. झाडंही गेली. प्रकल्प मला मिळाला.

त्यानंतर मी अक्कांकडे गेले. त्यांनी कॉफी केली, समोर बसल्या. मग म्हणाल्या, "दूध कुठं ओतू आता?" मी कप उचलला. त्याच पुढे म्हणाल्या, "तुमी तर किती चांगलं बोललात. मलाच नीट सांगता आलं न्हाई. आई असून सांगता आलं न्हाई मला."

त्या रडत होत्या. आपण अडखळलो म्हणून लेकीची जागा गेली, असं समजून रडत होत्या. आणि मी म्हटलं, "असं नका म्हणू, अक्का." फक्त तेवढंच. तेव्हा, तिथे, साध्या मराठीत खरं सांगता आलं असतं. मी कॉफी संपवून निघाले.

त्यानंतरही अनेकदा गेले आहे. वस्तीत कुणी नवं आलं की अक्का माझी ओळख करून देतात — या आमच्या मॅडम, आमच्यासाठी बोलल्या होत्या. आणि दोष अजून स्वतःलाच देतात. मी समोर बसलेली असते. ऐकून घेते.