मोटारीला चिकटलेला मास्तर

मास्तर पंपाच्या मोटारीला चिकटला होता आणि सुटत नव्हता. तोंड उघडं, आवाज नाही. पोरं बोंबलत होती. शिपायाला वाटलं दंगल झाली, म्हणून त्यानं आतून दाराला कडी घातली. मी तिथली स्वयंपाकीण. ओरडा ऐकून लाटण्यासकट धावत आले होते, मीही आतच अडकले.

हे जिल्ह्यातलं पोरांचं सुधारगृह. वरून हुकूम आला, पोरांना मोटार भरायला, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायला शिकवा. निम्मी पोरं शेतातल्या मोटारी फोडून तांब्याची तार विकली म्हणूनच आत आलेली. मोटार उघडायला मास्तराला अर्धा तास लागे, पांढरकवड्याकडच्या एका पोराला पाच मिनिटं.

त्या दिवशी तेच पोरगं म्हणालं होतं, "मास्तर, पयले साहेबाकून किल्ली आणा, बटन पाडा."

"चूप बे! दिवसा कुठं लाईन रायते? तारचोट्टा, तू मले शिकवतं?"

मास्तर महागावकडचा. त्याच्या शेतात त्या आठवड्यात लाईन रात्रीची होती. दिवसा मोटारीत वीज नसते, हे त्याच्या हाताला पाठ झालेलं. इथं दिवसभर लाईन असते, हे डोकं विसरलं. आणि लाईन तोडायचं बटन बाहेर कुलुपाच्या पेटीत. पोरांनी खोड्या करू नयेत म्हणून किल्ली सुधारगृहाच्या साहेबांच्या खिशात.

मी मास्तराला ओढायला गेले.

"आजी, हात नोको लावू! तूबी चिकटशीन!" असं ओरडून त्या पोरानं लाकडी स्टूल उचलला.

शिपायानं मागून त्याची कॉलर धरली. "मास्तरले मारतं का बे, हरामखोर?"

समजावत बसायला वेळ नव्हता. मी शिपायाच्या मनगटावर लाटणं हाणलं. कॉलर सुटली. पोरानं स्टूल मास्तराच्या हातावर घातला. हाड मोडलं, मास्तर सुटून खाली पडला.

मास्तराला बेशुद्धच दवाखान्यात नेलं. इकडं शिपायानं लिहून दिलं की पोरानं हल्ला केला आणि म्हातारीनं साथ दिली. सोमवारी पोराची बोर्डापुढं तारीख होती. सुटायची आशा होती. हा कागद पुढं गेला असता तर संपलंच.

साहेब म्हणाले, "आजी, तुम्हीही लिहून द्या. पण जपून. नोकरीचा प्रश्न आहे."

"कोणाच्या?" मी विचारलं.

मी चौथी शिकलेली. मोठ्या अक्षरात लिहिलं: 'लाटणे मी मारले. मास्तर सुटावा म्हणून स्टूल पोराने मारला. दार शिपायाने लावले. किल्ली साहेबांकडे होती.'

साहेबांनी दोनदा वाचलं. "ही शेवटची ओळ खोडता येईल का?"

"खोडा की. मग शिपायाचाबी कागद खोडा."

त्यांनी दोन्ही फाडले.

पोरगं सोमवारी सुटून घरी गेलं. मास्तर जगला. त्याचा डावा हात अजून वाकडा आहे.