ससाण्याच्या डोळ्याखालची काळी पट्टी

खालापूरजवळच्या माझ्या घराच्या गच्चीवर कबुतरांची ढाबळ होती आणि समोरच्या कड्यावर बहिरी ससाण्याचं घरटं. त्या उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी एक कबुतर कमी होई. म्हणून मी सकाळी कबुतरं मुद्दाम उन्हाच्या बाजूला उडवू लागलो. ससाण्याचे डोळे दिपतील, अशी माझी अटकळ.

ढाबळीवर कामाला डोंगरावरच्या वाडीतला एक गडी होता. तो हसला. "दादा, त्याच्या डोळ्याखाली काळं हाय बघा. क्रिकेटवाले फासतात ना, तसं. त्याला ऊन नाय टोचत. तुमीच डोळं चोळत बसाल."

"मग ते काळंच घालवतो."

"नका, दादा. वर पिलं हायेत."

तो कामावर नव्हता त्या दिवशी मी जाळ्यात ससाण्याची मादी धरली. ढाबळीचा पांढरा ऑइलपेंट उरला होता. तिला टॉवेलात आवळून दोन्ही गालांवरच्या पट्ट्यांवर तो बोटाने फासला. तिने चोच उघडली, पण आवाज केला नाही. मी तिला सोडून दिलं.

मग ती दिवसभर विजेच्या खांबावर बसून राही. झेप घेई, चुके, परत येऊन बसे. ऊन बाधत होतं की रंग डोळ्यांत गेला होता, हे मला आजही सांगता येणार नाही. नर तर आधीपासूनच दिसत नव्हता. कड्यावरचं पिलांचं ओरडणं रोज बारीक होत गेलं आणि एका सकाळी थांबलं. मादी तारांखाली मेलेली सापडली.

वनखात्याच्या माणसाने रंग बघितला. "हे कोणाचं काम?"

"पाखरांतलं मला काय कळतं?" मी म्हणालो. "ह्याला विचारा."

गडी शेजारीच उभा होता. माझ्याकडे एकदा बघून तो जीपमध्ये बसला.

काही दिवसांनी तो सुटला, पण कड्यावरून दोराने उतरून मध काढणारी वाडीतली माणसं त्याला सोबत नेईनात. पिलांसकट पाखरू मारणाऱ्याच्या हाती कड्यावर दोर कोण देणार? इतकी वर्षं तो घरीच बसला.

घडलेलं सगळं एका कागदावर लिहून मागच्या आठवड्यात मी त्याच्या दारात गेलो आणि वाचू लागलो.

"मला काय वाचता, दादा? मला ठावं हाय. वाडीत वाचा."

"सगळ्यांसमोर?"

"समदे हायेत आज. चला."

अंगणात माणसं दोर वळत बसली होती. मला कोणी बस म्हटलं नाही. मी उभ्यानेच पहिलं वाक्य वाचलं, "रंग मी लावला." दोर वळणारे हात थांबले.