अण्णाशेठ, बबनशेठ आणि माझा हर्निया

लेथखाली लोखंडाचा कीस साठतो ना, तसे आमच्या वर्कशॉपात किस्से साठायचे. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी पुन्हा ढीग! संगमनेरात अण्णाशेठकडं उसाच्या ट्रॉल्या बनायच्या, मी तिथला सगळ्यात जुना फिटर. नव्वदनंतरची वर्षं ती. त्यातल्या एका वर्षी शेठनं मनावर घेतलं, कामगारांचा आजारपणाचा विमा काढायचाच! त्या एका विम्यापायी जे घडलं, तेवढंच आज सांगतो.

कारण खरं तर मीच होतो. मला हर्निया. पोटाला धोतराची पट्टी आवळून काम करायचो. डॉक्टरनं बजावलं होतं, "बापू, ऑपरेशन करा. एखाद्या दिवशी आतडं अडकलं तर जिवावर बेतेल." मी म्हणायचो, सीझन संपला की बघू. पण सीझन संपला तरी ऑपरेशनएवढा पैसा कुठून यायचा?

* * *

विम्याचा एजंट आला. चष्मा पुसत म्हणाला, "एकेकट्याचा विमा घेतला तर हप्ता वयावर. वय जास्त, तर हप्ता जास्त."

झालं! अख्खं वर्कशॉप एका दुपारीत तरुण झालं. जन्माचा दाखला कुणाकडंच नव्हता, मग अडवणार कोण? शेठचे पैसे वाचावेत म्हणून मीही ठोकून दिलं, "चाळीस."

"मोठ्या मुलाचं वय?" एजंटनं विचारलं.

"एकतीस," मी अगदी खरं सांगितलं.

संतू वेल्डर मागून ओरडला, "बापू, नवव्या वर्षीच बाप झाला व्हय? आमाला कधी बोलला न्हाई!"

* * *

मग खरी वयं लावली. माझ्या एकट्याचा हप्ता संतूसारख्या तिघांएवढा निघाला. वर एजंट म्हणाला, "हर्निया आधीपासूनचा आहे. त्याचा खर्च यात मिळणार नाही."

अण्णाशेठनं हातातला पाना खाली ठेवला. "म्हंजी ट्रॉली घ्या, पण ऊस सोडून काय बी भरा!"

एजंट गडी बरा होता. म्हणाला, "गटाचा विमा घ्या. सगळ्यांना एकच दर, आणि थोडा जादा हप्ता भरला की जुना आजारही धरतात. पण पन्नास तरी माणसं पाहिजेत."

आम्ही होतो आठ.

"मग बेचाळीस हुडकू," अण्णाशेठ म्हणाले. जसं काही बेचाळीस नटबोल्टच आणायचे होते!

* * *

निम्मा हप्ता शेठ भरणार, निम्मा आमच्या पगारातून. संतू कुरकुरला, "मी एकटा घेतला तर स्वस्तात पडतो. बापूपायी आमी का जादा भरायचं?"

त्याचंही खरंच होतं.

तेवढ्यात ट्रॉलीची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, उचलायची वेळ झाली. आमची रीत अशी, की सगळ्यांनी वाकायचं आणि 'हैश्या' म्हटलं की एकदम उचलायचं. सगळे वाकले. अण्णाशेठ म्हणाले, "थांबा रे. संतू, तुझ्या वाटणीचं वजन तेवढं उचल. बाकीचे बाजूला व्हा."

संतूनं एकदा चासीकडं बघितलं, एकदा माझ्या पोटावरच्या पट्टीकडं.

"लिवा माझं नाव," तो म्हणाला. "पण बापूला आता चासीला हात लावू देऊ नका!"

* * *

मी पट्टी आवळून रोडच्या कडेनं दुकानोदुकान फिरलो. एक दुकान झालं की जरा बसायचो, मग पुढचं. एका नांगरवाल्याकडं एक म्हातारा लोहार होता. सगळं नीट ऐकून घेतल्यावर म्हणाला, "म्हंजी भिशीच की! मग नंबर कुणाचा निघणार?"

"जो आजारी पडंल त्याचा."

त्यानं दोन्ही हात जोडले. "मग माझा नंबर अगदी शेवटी ठिवा बाबा!"

* * *

फिरून फिरून तीसेक माणसं झाली. उरलेली सगळी एकाच ठिकाणी होती, आमच्या भिंतीपलीकडं, बबनशेठकडं. आणि गिऱ्हाईक पळवल्यावरून अण्णाशेठ आणि बबनशेठ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते! काही काम निघालं तर दोघं भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहायचे आणि मधे मला घालायचे. ऐकू दोघांनाही यायचं, तरी निरोप मीच द्यायचा!

"बापू, त्याला इचार, माणसं देतो का?"

"बापू, त्याला सांग, माझी माणसं काय बाजारातली मेंढरं हाईत?"

मधल्या शिव्या मी गाळायचो. तेवढंच वजन कमी.

शेवटी मीच भिंतीवरून म्हणालो, "बबनशेठ, हे काम अण्णाशेठचं न्हाई. माझ्या पोटाचं हाय."

पलीकडचा ग्राइंडर बंद झाला. मग आवाज आला, "बापू, त्याला सांग, माझी समदी माणसं लिव."

* * *

विम्यासाठी सगळ्या वर्कशॉपांचा मिळून एक संघ काढायचा होता. अर्जावर अण्णाशेठनं सही केली. बबनशेठ अडून बसले, "त्याच्या खाली सही? मी? मेलो तरी न्हाई!"

एजंट डोकं धरून बसला. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, त्यामुळं कागदाची वरची बाजू कुठली आणि खालची कुठली, याचं मला काय! मी कागद आडवा फिरवून त्यांच्यापुढं धरला.

"घ्या शेठ. आता दोघं शेजारी शेजारी."

बबनशेठनं सही ठोकली. एजंट म्हणाला, "अहो, असा अर्ज मी जन्मात पाहिला नाही!" पण घेऊन गेला, आणि मंजूरही करून आणला.

* * *

विम्याच्या पैशातनं माझं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी खाटेच्या एका बाजूला अण्णाशेठ, दुसऱ्या बाजूला बबनशेठ. मधे मी, टाके घातलेला!

"बापू, त्याला सांग, सुट्टी मिळाली की तुला न्यायला माझा टेम्पो येईल," बबनशेठ म्हणाले.

"बापू, त्याला सांग, माझा माणूस माझ्याच टेम्पोतनं जाईल!"

"बापू, त्याला सांग, त्याचा टेम्पो ढकलल्याबिगर चालू हुत न्हाई. कोण ढकलणार? तू?"

मला हसू आलं आणि पोटात अशी कळ गेली, की डोळ्यांत पाणी!

"शेठ," मी कसाबसा म्हणालो, "डॉक्टरनं मला हसायला मनाई केलीय. आता तुमचं तुमी बघा."

मग बबनशेठनं माझ्यावरून नजर उचलली, सरळ अण्णाशेठकडं बघितलं आणि म्हणाले,

"टेम्पो तुझाच आण. ढकलायला मी येतो."